काचेपलीकडे सायली

कुलूप गंजलेलं होतं, तरी किल्ली फिरली. कडी काढली. आणि मग मला दार ढकलवेना.

त्या दिवसाला पंधराएक वर्षं होऊन गेली. रस्ता रुंद होणार म्हणून बालवाडीच्या या दोन खोल्या पाडायच्या आहेत. आतलं उरलंसुरलं सामान समाजमंदिरात नेऊन ठेवायचं आणि महिला मंडळाकडची बालवाडीची किल्ली सध्या माझ्याकडे असते, म्हणून मी आले, एवढंच. टेम्पो यायला अर्धा तास होता. मी तळहात दारावर टेकवला. फळ्या उन्हाने तापल्या होत्या. एकदा याच दारावर मी दोन्ही मुठींनी इतकं बडवलं होतं, की पुढे चार दिवस मला भाकरी थापता आली नव्हती.

फिनेलचा वास अजून येतो. खरंच येतो की मला वाटतो, कोण जाणे. त्या काळात पायरी चढली की आधी फिनेलचा वास, मग मुगाच्या खिचडीचा, आणि मग लहान मुलांच्या डोक्यांना चोपडलेल्या खोबरेल तेलाचा. पावसाळ्यात त्यात ओल्या सतरंज्यांचा कुबट वास मिसळायचा. बाई सतरंज्या चुलीवरच्या दोरीवर वाळत टाकायच्या, त्यामुळे सायली घरी यायची ती धुराचा वास घेऊन. मी तिचं डोकं हुंगायची. माझ्यापासून चार तास लांब राहून आलेल्या पोरीला वेगळाच वास असायचा. मला तो आवडायचा, आणि थोडी भीतीही वाटायची त्याची.

सकपाळ बाई दासगावहून सकाळच्या एसटीने यायच्या. बारीक अंगाच्या, कायम सुती साडीत, खांद्याला कापडी पिशवी. आवाज कधी चढवायच्या नाहीत. जूनमध्ये पहिल्यांदा सायलीला घेऊन गेले तेव्हा ती माझ्या मांडीला अशी चिकटली, की सोडवता येईना. मला वाटलं, बाई तिला ओढून आत नेतील आणि मला म्हणतील, जा तुम्ही. बाई म्हणाल्या, "सायलीची आई, तुम्ही पण बसा. आज सतरंजीवर, तिच्या शेजारी."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीशी. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यावर. मग पायरीवर, मग समोरच्या फणसाखाली. रोज थोडं लांब. त्या आठवड्यात फणसाखाली आम्ही पाच-सहा आया बसलेल्या असायचो, तांदूळ निवडत, आणि आतून रडण्याचा आवाज आला की सगळ्यांची बोटं एकदम थांबायची. हे कोणाचं? हे माझं नाय गो, तुझं हाय. नवव्या दिवशी बाईंनी खूण केली, की आता घरी जा. मी घरी आले आणि रिकाम्या घरात मलाच रडू आलं.

दाराशेजारी भिंतीवर एक फळा होता. मुलं सोडायच्या आधी बाई त्यावर लिहायच्या. आज खिचडी, दोघांनी परत मागून घेतली. आज पाऊस मोजला. उद्या कोणाच्या घरी चिंचोके असतील तर मूठभर द्यावेत. ज्यांना वाचता येत नसे त्या बायकांना बाई स्वतः वाचून दाखवायच्या, आणि आपलं पोर आज काय बोललं, कशाला रडलं, कोणाचा हात धरून बसलं, तेही सांगायच्या. आमच्या गावात आयांना असं काही सांगण्याची रीत नव्हती. शाळा म्हणजे पोर द्यायचं आणि पोर परत घ्यायचं.

माझं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगरातली वाडी. तिथे वास म्हणजे शेणाचा, शेतात पालापाचोळा रचून पेटवलेल्या राबाचा, करवंदीच्या फुलांचा. लग्न होऊन औद्योगिक वसाहतीच्या कडेच्या या गावात आले, तेव्हा पहिले काही महिने माझं डोकं दुखायचं. इथे वारा कुठून सुटला आहे ते नाकाला कळतं. कधी गोडसर वास, कधी जळक्या रबराचा, कधी सडक्या अंड्याचा. सासूबाई म्हणायच्या, "सवय होते गो. मला तर आता नसला वास, तर चुकल्यासारखं होतं." आणि सवय झाली. वसाहतीतल्या एका कंपनीत सायलीचे बाबा कामाला होते. त्या वासावरच आमचं घर उभं होतं, मग त्याला नाव कसं ठेवायचं?

त्या वर्षी दिवाळीनंतर बाईंनी मुलांना एक नवा खेळ शिकवायला घेतला. शनिवारी खिचडीच्या आधी त्या थाळी वाजवायच्या. थाळी वाजली की मुलांनी हातातलं टाकून आतल्या खोलीत पळायचं, फ्रॉकला नाहीतर शर्टाला टाचलेला रुमाल बादलीत बुडवायचा, पिळायचा, नाकातोंडावर धरायचा आणि भिंतीला पाठ लावून गप्प बसायचं. मदतनीस मावशी दारं-खिडक्या लावायच्या आणि दाराखाली जुनी ओली साडी कोंबायच्या. बाई शंभरपर्यंत मोजायच्या. मग सगळे टाळ्या वाजवायचे.

सायली घरी येऊन हा खेळ बाहुलीशी खेळायची. एका दुपारी तिचे बाबा कामावर निघाले, आणि ती ओला रुमाल घेऊन त्यांच्या मागे धावली. "बाबा, हे घ्या. तुम्ही कंपनीत मरणार ना?"

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ते तसेच बसकडे गेले. मी मात्र पेटले.

पालकसभेत मी उभी राहिले. एरवी मी बोलणारी नव्हे. "बाई, तुम्ही पोरांना हे काय शिकवताय? माझी पोर बापाला विचारते, तुम्ही मरणार का?"

"मी मरणाचा शब्दसुद्धा काढलेला नाही, सायलीची आई," बाई म्हणाल्या.

"मग तिला सुचलं कुठून?"

"मुलांना वास आपल्याइतकाच येतो. आपण त्याविषयी बोलत नाही, म्हणून ती मनाने काहीतरी जुळवतात. मी फक्त त्यांच्या हाताला काहीतरी करायला दिलं आहे."

"चार वर्षांच्या पोरांना घाबरवताय तुम्ही. कंपनीवर आमची चूल पेटते."

सभेत कुजबूज झाली. बऱ्याच जणी माझ्या बाजूने होत्या. बाई म्हणाल्या, "भीती वाटत असेल तर मी सायलीशी बोलेन. तुमच्यासमोर बोलेन. पण खेळ बंद नाही करणार."

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. घरी आल्यावर मी सायलीच्या फ्रॉकचा रुमाल काढून टाकला आणि तिला समोर बसवून बजावलं, "तो खेळ खेळायचा नाही. रुमाल तोंडाला लावायचा नाही. बाईंनी सांगितलं तरी नाही. कळलं?" तिने मान हलवली. सायली हट्टी होती, पण माझं एखादं सांगणं तिच्या मनात बसलं की ते दगडासारखं बसायचं.

फळ्यावर दोनदा ओळ आली, सायलीच्या आईने भेटून जावे. मी सासूबाईंना पाठवलं.

मग तो दिवस. थंडी पडली होती. सकाळी धुकं सावित्री नदीवरून सरकत सरकत शेतांवर येऊन बसायचं आणि उन्हं चढेपर्यंत हलायचं नाही. आम्ही खळ्यावर भात झोडत होतो. पेंढ्याचा गोड वास, धुळीने घशाला सुटलेली खाज, झोडणीचा तो धप धप ताल. आधी मला वाटलं धूळच नाकात गेली. मग डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. सासूबाईंनी हातातली पेंढी खाली टाकली आणि म्हणाल्या, "हा वास आपला नाय."

वसाहतीकडचा भोंगा वाजायला लागला. पाळी बदलायच्या वेळचा नव्हे, थांबतच नव्हता. कुठल्या कारखान्यातून काय सुटलं ते आम्हाला तेव्हा कळलं नाही, आणि नंतर ऐकलं तेही प्रत्येकाकडून वेगळं. मला एवढंच आठवतं, की धुक्याचा रंग किंचित पिवळा दिसत होता, आणि मी बांधावरून अनवाणी पळत होते. चपला खळ्यावरच राहिल्या. डोक्यात दोनच गोष्टी होत्या. सायलीचे बाबा कामावर होते. आणि सायलीच्या फ्रॉकला रुमाल नव्हता.

बालवाडीपाशी पोचले तर दार बंद. माझ्यामागून बायका येत होत्या, खोकत, पदर तोंडाला लावून. मी दारावर मुठी मारायला सुरुवात केली. "बाई! दार उघडा! सायली! सायली!"

दार हललंसुद्धा नाही. खालच्या फटीतून ओल्या साडीचं टोक बाहेर आलेलं दिसत होतं.

"उघडा म्हणते ना! आमची पोरं हायत ती!" माझी भाषासुद्धा बदलली होती. माहेरच्या वाडीतली बाई माझ्या तोंडून ओरडत होती.

कोणीतरी म्हणालं, "खिडकीत बघा, खिडकीत!" बाकीच्या खिडक्यांना लाकडी झडपा होत्या, एका खिडकीला तेवढी काच होती. काचेमागे बाई उभ्या होत्या, नाकावर ओला पदर बांधलेला. त्यांनी हात हलवून नाही नाही असं केलं आणि एक पाटी काचेला लावली.

"तेवीस मुले. सगळी ठीक."

आम्ही काचेवर तोंडं लावली. बाईंनी पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. त्यांना घाई नव्हती असं मला तेव्हा वाटलं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. "दार उघडले तर आत येईल." मग पुन्हा पुसून, "वर हायस्कूलकडे जा. तिथे हवा बरी असेल."

काही बायका गेल्या. वाचता येत नव्हतं त्यांना मी ओरडून सांगितलं, पोरं ठीक हायत, वर जा. सांगताना माझा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. मी गेले नाही. पुन्हा दाराकडे वळणार, एवढ्यात बाईंनी काचेवर बोटाने टकटक केलं. माझ्याकडे बघून. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

"सायलीची आई. सायली रुमाल लावत नाही."

मग पाटी ठेवून बाईंनी सायलीला उचलून धरलं. तिचं नाक वाहत होतं, डोळे लाल. ती खोकत होती, आणि मावशी तिच्या तोंडाशी ओलं फडकं नेत होत्या, आणि ती दोन्ही हातांनी ते ढकलत होती. मला बघून तिने हात पुढे केले. काचेवर तिचे पंजे उमटले. तिचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता, पण मला शब्द कळले. आई बघ, मी नाही लावला.

ती मला सांगत होती, की तिने माझं ऐकलं.

पुढचं मी कसं केलं मला ठाऊक नाही. मुलांचे पाय धुवायला पायरीशी पाण्याचं पिंप असायचं. मी पदर त्यात बुडवला, पिळला आणि काचेसमोर उभी राहून, तिला नीट दिसेल असा, नाकातोंडावर बांधला. मागे गाठ मारली. मान हलवली. हो, असं. हो. ती नुसती बघत राहिली. मी पदर सोडला, पुन्हा भिजवला, पुन्हा बांधला. हसून दाखवायचं होतं, पण तोंड झाकलेलं, म्हणून डोळ्यांनी हसले. त्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते वासाचं होतं की कशाचं, तिला काय कळणार होतं? तिसऱ्यांदा बांधलं तेव्हा तिने मावशींच्या हातातलं फडकं घेतलं आणि स्वतःच्या हाताने तोंडावर धरलं. बाईंनी तिला खाली उतरवलं. काच रिकामी झाली.

मागून मोटरसायकलचा आवाज आला. माझे धाकटे दीर, प्रकाशभावजी. त्यांचा ओम आत होता, सायलीपेक्षा सहा महिन्यांनी लहान. त्यांच्या हातात पहार होती.

"वहिनी, बाजूला व्हा."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. "नाय, भावजी."

"माझा पोर हाय आत!"

"माझी पण हाय. तुम्ही दार फोडलंत तर ही हवा आत शिरेल. आणि त्याला काढून न्याल कुठे? फाट्यापर्यंत तरी पुरेल का श्वास त्याचा?"

"तुम्हीच तर भांडलात ना बाईशी? आता तिचीच बाजू घेता?"

"होय," मी म्हटलं. "मीच भांडले."

त्यांनी पहार उचलली. मला अजून वाटतं, त्या क्षणी ते मला ढकलू शकले असते. मला खोकल्याची जोराची ढास लागली, मी गुडघ्यांवर आले, पण दार सोडलं नाही. भावजी तसेच उभे होते. मग पहार जमिनीवर पडल्याचा आवाज आला. त्यांनी अंगातला शर्ट काढला, पिंपात बुडवला आणि बिजागरीच्या बाजूला जी बोटभर फट होती तिच्यात कोंबायला लागले. कोंबता कोंबता ते रडत होते. आम्ही दोघं त्या पायरीवर बसून राहिलो, मी पदर आणि त्यांनी गळ्यातला टॉवेल तोंडाला लावून. आतून काही ऐकू येत नव्हतं, रडणंही नाही. तेवीस मुलं इतकी गप्प कशी असतात?

किती वेळ गेला? कोणी पाऊण तास म्हणतं, कोणी दीड. वरंधच्या बाजूने, घाटाकडून वारा उतरायला लागला. आधी फणसाची पानं हलली, मग धुकं फाटलं. ऊन आलं. भोंगा थांबला होता, तो कधी थांबला ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

बाईंनी दार उघडलं, पण मुलांना बाहेर सोडलं नाही. उंबऱ्यात उभं राहून एकेकाचं नाव घेत होत्या आणि ज्याचं मूल त्याच्याच हातात देत होत्या. हायस्कूलकडून धावत आलेल्या बायकांनासुद्धा ओळीत थांबवलं त्यांनी. सायलीचा हात माझ्या हातात देताना म्हणाल्या, "दवाखान्यात दाखवून आणा. खोकला आहे तिला." एवढंच. आवाज चढवला नाही, माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं नाही.

शेवटचं मूल गेल्यावर त्या पायरीवर बसल्या. त्यांच्या हातांवरची खडूची पूड साडीवर सांडत होती. माझ्या मनात खूप काही होतं. माफ करा म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "बाई, पाणी देऊ का?"

"द्या," त्या म्हणाल्या.

सायलीचे बाबा संध्याकाळच्या बसने आले. त्यांच्या कंपनीतलं ते नव्हतं. बसमधून उतरताना ते दिसेपर्यंत मी फाट्यावर उभी होते, सायलीला कडेवर घेऊन. दवाखान्यात तिला औषध दिलं, चार दिवस खोकली, बरी झाली. तेवीसच्या तेवीस मुलं बरी होती. पुढच्या शनिवारी मी तिच्या फ्रॉकला रुमाल टाचला. पुढच्या पालकसभेत मी उभी राहिले, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागल्यावर काहीतरी चिंचोक्यांबद्दल बोलून खाली बसले.

दोन-तीन वर्षांनी बालवाडी मोठ्या शाळेला जोडली. बाई निवृत्त झाल्या आणि एसटीतून उतरेनाशा झाल्या. दासगावला जाऊन यायचं मी कितीदा ठरवलं. नदीपलीकडे ते काय लांब आहे? आणि मागच्या पावसाळ्यात कळलं, की बाई गेल्या. त्यांच्यासाठी मी जपून ठेवलेलं ते एक वाक्य माझ्याजवळच राहिलं.

टेम्पो अजून आला नव्हता. मी चौकटीला टेकून सायलीला फोन लावला. ती आता पनवेलला नर्सिंग शिकते. जेवणाची सुट्टी असावी, मागे ताटांचे आवाज येत होते.

"बालवाडी पाडतायत गो," मी म्हटलं. "तुला तो गॅसचा दिवस आठवतो?"

"कुठला गॅस?"

"तू चार वर्षांची होतीस. बाईंनी तुम्हाला आतल्या खोलीत कोंडून ठेवलं होतं."

ती विचार करत होती. मग एकदम हसली. "अगं तो! त्या दिवशी बाईंनी आम्हाला भिंतीवर चित्रं काढू दिली होती. सगळे रंगीत खडू फोडून वाटले. म्हणाल्या, जो बोलेल त्याचा खडू परत घेणार. आम्ही सगळी भिंत भरून टाकली. ओमने एवढी मोठी गाय काढली होती, सहा पायांची. आई, काय मज्जा आली होती त्या दिवशी!"

मी दारावर पुन्हा तळहात टेकवला. रस्त्यावरून टेम्पोचा हॉर्न ऐकू आला.

"पण तू कुठे होतीस गं तेव्हा?" सायलीने विचारलं. "तू आली होतीस का मला न्यायला?"

"आले होते," मी म्हटलं. "थोडा उशीर झाला होता."